पोल्ट्रीवरची अनसामावशी

“तुमाला हितनं काय न्यायचंय?”

अनसामावशीनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि तळेगावच्या घरात बसून कंटाळले होते. परंदवडीच्या बाजूला एक बाई घर नसलेल्या कुटुंबांना आपल्या शेतातल्या शेडमध्ये ठेवून घेते, असं ऐकलं आणि तिथल्या मुलांना शिकवावं म्हणून एका दुपारी गेले. हातात पाट्या होत्या, पेढ्यांचा पुडा होता. आपलं स्वागत होईल अशी माझी समजूत. फाटकाच्या आत सत्तरीकडे झुकलेली एक उंच, वाळकी बाई उभी होती. तिनं फाटक उघडलं नाही.

“न्यायचं काही नाही, मावशी. मी द्यायलाच आलेय,” मी म्हटलं.

“त्येच म्हणते. देणारा माणूस आदी बघून घ्यावा लागतो.”

मग माझी शाळा कुठली, घर कुठल्या आळीत, घरी कोण कोण असतं, हे सगळं तिनं फाटकाच्या गजांतून विचारून घेतलं. पेढ्यांचा पुडा हातात घेतला, सोडला, त्यातला एक पेढा माझ्यापुढे धरला. “तुमी खा आदी.” मी खाल्ला. माझा घास गिळून होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यानंतर कडी निघाली.

ती जागा म्हणजे खरोखरच जुनी पोल्ट्री होती. लांबलचक शेड, वर पत्रे, बाजूंना कधीकाळी जाळी असलेल्या ठिकाणी विटांच्या अर्ध्या भिंती चढवलेल्या, आणि आत आडव्या भिंती घालून केलेल्या खोल्या. उन्हं तापली की जमिनीतून अजूनही कोंबड्यांचा वास वर यायचा. पुढं तळेगावातल्या काही भल्या माणसांनी रीतसर संस्था काढली, फाटकावर नावाची पाटी लागली. पण ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. गावात, शाळेत, दवाखान्यात सगळे पोल्ट्रीच म्हणत. शाळेतली मुलं आमच्या मुलांना बघून कोंबडीसारखा आवाज काढायची. एक मुलगी रडत आली तेव्हा मावशी तिला म्हणाली, “त्यांना सांग, हितल्या कोंबड्यांना दाणा येळेवर मिळायचा. तुमच्या आया देत्यात का बघा.” मुलगी रडता रडता हसली. मावशी हसली नाही. ती फारशी हसायचीच नाही.

ही सुरुवात कशी झाली ते तिनं मला एकदा तांदूळ निवडताना सांगितलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कोंबड्यांवर रोग आला, शेड रिकामी पडली. त्याच सुमाराला बेगडेवाडी स्टेशनाकडच्या झोपड्या उठवल्या. त्यातली एक बाई दोन मुलं आणि म्हातारी सासू घेऊन पाणी मागायला मावशीच्या दारात आली आणि पाणी पिऊन तिथंच बसून राहिली. थंडीचे दिवस होते. मावशीनं त्यांना शेडमध्ये झोपायला सांगितलं आणि बाहेरून कडी घातली.

“कोंडून ठेवलंत?” मी विचारलं.

“मग? मला काय ठावं कोण हायेत. उठून भांडी घिऊन पळाली असती तर? सकाळी कडी काडली तर म्हातारी दारातच बसल्याली. मला वाटलं, आता शिव्या दील. तर म्हणती कशी, बाई, लय दिसांनी कडी लागल्याल्या खोलीत निजलो. कुनी आत यील म्हणून जागं ऱ्हावं लागलं न्हाई.”

तिनं तांदळातला खडा बाजूला टाकला. “त्यांना कडी कुटल्या बाजूला हाय, त्याचं काय न्हवतं. कडी हाय, एवडंच बास झालं.”

ते कुटुंब हिवाळाभर राहिलं. मग त्यांच्या ओळखीचं दुसरं आलं. कंपन्यांची बांधकामं संपली की पत्र्याच्या खोल्या मोडायच्या आणि त्यातली माणसं रस्त्यावर यायची. कुणाला कुणाकडून तरी मावशीचं नाव कळायचं. पोल्ट्रीची भरती अशी होत गेली. आतली कडी मात्र पहिल्या आठवड्यातच बसली. बाहेरची तिनं स्वतः उचकटून काढली.

पण संशय काही गेला नाही. वाटायला आलेल्या जुन्या कपड्यांचे खिसे ती उलटे करून बघायची. तेलाचा डबा आला की वास घ्यायची. कुणी फोटो काढायला मोबाइल वर केला की ती समोर येऊन उभी राहायची, म्हणजे फोटोत तिच्या पातळाशिवाय काही येऊ नये. आणि नव्या माणसाला ती एकच गोष्ट तीन वेळा विचारायची. एकदा आल्या आल्या, एकदा चहा देताना, आणि एकदा माणूस निघायच्या बेताला आला की.

“खरं बोलणारा माणूस दर येळेला जरा येगळं सांगतो,” ती म्हणायची. “एकदा बैल म्हणंल, एकदा बैलजोडी म्हणंल. मधीच कायतरी आठवून थांबंल. खोटं बोलणाऱ्याचं सारकं येतं. पाठ क्येल्यालं असतंय नव्हं.”

मी आयुष्यभर मुलांची उत्तरं तपासली होती. मला हे पटलं.

गावाला मावशी पटत नव्हती. रस्ता रुंद झाल्यावर तिच्या शेताला लागून प्लॉट पडले होते, आणि अशी जागा विकायची सोडून ही बाई परमुलखातली माणसं का पोसते, याचा उलगडा कुणाला होईना. तिचा पुतण्या बाळू मला एकदा चहाच्या टपरीवर भेटला. कपडे चांगले, बोलणं गोड. “बाई, तुमी शिकल्याल्या. तुमी तरी इचारा तिला. आजवर एवडी कुटुंबं आली. येताना समद्यांनी बघितली. जात्यात कुटं? एकबी परत दिसत न्हाई. कुण्या मुकादमाला तर देत नसंल?”

मी त्याला झटकलं, पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. कारण ते खरं होतं. मी शनिवारी गणित शिकवून जायचे आणि पुढच्या शनिवारी त्यातली दोन मुलं नसायची. “कुठं गेली?” म्हटलं की मावशी म्हणायची, “गेली.” पत्ता विचारला तर मी पेढा खाताना बघितलं होतं तसं माझ्याकडे बघायची. संस्थेच्या माणसांनाही ती सांगायची नाही. एकदोघे त्यामुळे चिडून सोडूनही गेले. मी गेले नाही, पण शनिवारी फाटकातून आत शिरताना मी मुलं मोजायला लागले.

एका लग्नासाठी मी सुदुंबऱ्याला गेले होते. मांडवाबाहेर भाजी घ्यायला थांबले तर हातगाडीवाल्या बाईचा चेहरा ओळखीचा वाटला. बाजूला तिचा मुलगा दप्तर घेऊन बसला होता. त्याला मी वजाबाकी शिकवली होती. त्याचं नाव घेतलं तशी तो उठायला लागला. बाईनं त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि माझ्याकडे न बघता मेथीची जुडी पिशवीत घातली. मी पैसे दिले. सुटे परत करताना ती हळूच म्हणाली, “बाई, बरं चाललंय आमचं. खोली हाय, मालक कंपनीत लागलेत. पर मावशीनं सांगितलंय, पोल्ट्रीवरचं कुनीबी दिसलं तर वळख दावायची न्हाई. तुमीबी आमाला बघितलं न्हाई.”

पुढच्या शनिवारी मी मावशीला सरळ विचारलं. तिनं मला आत नेऊन बसवलं. मग म्हणाली, “पयल्या साली एक पोरगी आल्ती. लेकरू काकेत. म्हयन्याभरानं तिचा चुलता आला. काय गोड माणूस. माज्या पाया पडला. पोरगी त्याच्याकडं बघंना, मी म्हणलं लाजती. मी तिची ओटी भरली, बाई. नारळ घातला, खण घातला, आन लावून दिली. चुलता न्हवता त्यो. ज्याच्या भ्यानं पळाल्ती, त्योच व्हता. परत तिचा ठावठिकाणा लागला न्हाई. लय हिंडले मी.”

त्यानंतर मी कधी पत्ता विचारला नाही. आणि तिनं त्या पोरीनंतर कुणाचीच ओटी भरली नव्हती.

मंगल आली ती यानंतर. जालन्याकडची, दोन मुली बरोबर. नवरा संतोष सेंट्रिंगच्या कामावर होता. ठेकेदारानं त्याला दुसऱ्या साइटवर म्हणून नेलं, तो परतलाच नाही. त्याचा फोन लागेना, मंगलकडे स्वतःचा फोन नाही, आणि तेवढ्यात इकडच्या खोल्या मोडल्या. मावशीनं तिलाही तीनदा विचारलं. मंगल दर वेळी काहीतरी वेगळं सांगायची, मध्येच रडायची, पण शेवटी एकच म्हणायची, “त्यो सोडून जाणारा माणूस न्हाई, मावशी.” जवळच्या गुलाबांच्या पॉलिहाऊसवर तिला काम मिळालं. सकाळी ती मोठीला शाळेत सोडायची, धाकटीला बालवाडीत, आणि संध्याकाळी हातांना काटे लागून परत यायची.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी मुलांची चित्रं भिंतीला लावत होते, तेव्हा फाटकाशी एक माणूस आला. पायानं लंगडत होता. मावशी उठून गेली. मला बोलणं ऐकू येत होतं.

“मी संतोष. मंगलचा मालक. वरून पडलो, पाय मोडला, दवाखान्यात व्हतो. फोन फुटला. आता लोणावळ्याला बंगल्यावर वॉचमन हाय, ऱ्हायला खोली दिलीया. बायकोला न् पोरींना न्यायला आलोय.”

मावशीनं त्याला पाणी दिलं आणि पुन्हा विचारलं. तो म्हणाला, मी संतोष, मंगलचा मालक, वरून पडलो, पाय मोडला. थोड्या वेळानं तिनं तिसऱ्यांदा विचारलं. तेच, त्याच क्रमानं, शब्दाला शब्द. मलासुद्धा फाटकापासून लांब उभं राहून ते पाठ केलेलं आहे हे कळलं.

“अशी कुनी हितं न्हाई,” मावशी म्हणाली.

तो रस्त्यापलीकडे जाऊन बराच वेळ उभा राहिला, शेडकडे बघत. मग गेला. “लंगडायचं सोंग काय, कुनीबी करतं,” मावशी आत येताना म्हणाली. मंगलला तिनं काही सांगितलं नाही. मला म्हणाली, “तुमीबी बोलू नगा. उगं झुरंल.”

संक्रांत झाली. पोल्ट्रीत एक नवं जोडपं आलं. त्यातला पुरुष सेंट्रिंगवालाच. बोलता बोलता तो मावशीला म्हणाला, “आमचा एक गडी हाय, संतोष म्हणून. वरून पडला बिचारा. आता लोणावळ्यात असतो, धरणाच्या वाटंला, तांबड्या फाटकाच्या बंगल्यावर. भेटंल त्याला बायकोचं इचारतो. हितंबी येऊन गेला म्हणं. बाईनं न्हाई म्हणून सांगितलं.”

मावशी मुलांसाठी भाकऱ्या थापत होती. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली, ती उलटायची राहिली. त्या माणसाला तिनं पुन्हा काही विचारलं नाही.

संध्याकाळी मंगल आली, तेव्हा मी निघायच्या तयारीत होते. मावशी म्हणाली, “थांबा बाई.” आणि मंगलला समोर बसवून सांगितलं, “तुजा नवरा आल्ता. मी न्हाई म्हणून लावून दिला.”

“कवा?”

“दिवाळीच्या आदी.”

मंगलनं पदर तोंडाला लावला नाही, ओरडली नाही. म्हणाली, “मी सांगितलं व्हतं तुमाला, त्यो सोडून जाणारा न्हाई.”

“सांगितलं व्हतंस.”

“मग?”

“माजा इस्वास बसला न्हाई.”

“त्याच्यावर?”

मावशी म्हणाली, “तुज्यावर.”

मंगल उठून आपल्या खोलीत गेली. दाराशी थांबून एवढंच म्हणाली, “तुमी घालवलं, तुमीच आणा.”

रविवारी मावशी आणि मी लोणावळ्याला गेलो. मला नेण्याचं कारण तिनं सरळ सांगितलं: “बंगलेवाले माज्याशी बोलायचे न्हाईत. तुमी बोलल्यासारकं करा.” स्टेशनाबाहेर सुट्टीवर आलेल्यांची गर्दी होती, चिक्कीच्या दुकानांपुढे गाड्या लागलेल्या. आम्ही धरणाच्या वाटेला लागलो. तांबडी फाटकं एक सोडून बरीच निघाली. दर फाटकाशी तेच: कोण पाहिजे, कशाला पाहिजे, मालकांना फोन केलाय का. एका वॉचमननं तर आम्हाला सरळ हाकललं. मागे अशाच दोन बायका पत्ता विचारत आल्या आणि बंगला बघून गेल्या, नंतर चोरी झाली, म्हणाला. मला राग आला. मावशी म्हणाली, “बरुबर करतोय त्यो. आपल्या तोंडावर काय लिवलंय?”

उन्हं कलताना एका उतारावरच्या बंगल्यात आम्हाला संतोष दिसला. झाडांना पाणी घालत होता. मावशीला बघून तो नळी खाली टाकून फाटकापर्यंत आला, पण कडीला हात लावला नाही.

“मंगल हाय,” मावशी म्हणाली. “पोरीबी हायेत. माज्याकडं.”

“तवा न्हाई म्हणाला व्हता.”

“खोटं बोलले.”

“मग आता खरं कशावरून?”

दोघं गजांच्या दोन बाजूंना उभी होती. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनंच विचारलं, “तू तिन्ही येळा एकच कसं रं सांगितलंस? शबुद इकडचा तिकडं न्हाई.”

तो गोंधळला. मग म्हणाला, “वाटंनं घोकत आलतो. लोकं म्हणाली, ती बाई लय इचारती, चुकलास तर बायको द्यायची न्हाई. म्हणून पाठ क्येलं.”

रस्त्याच्या कडेला एक बुटका कठडा होता. मावशी त्यावर बसली. मला वाटलं चक्कर आली. मी पाण्याची बाटली पुढे केली, तिनं ती घेतली नाही. म्हणाली, “भ्यालेला माणूसबी पाठ करून येतो. हे मला कसं सुचलं न्हाई.”

संतोष अजून फाटक उघडत नव्हता. “धाकटीचं नाव सांगा,” म्हणाला.

“नाव कुनालाबी ठावं असंल,” मावशी म्हणाली. “धाकटी निजताना आईच्या कानाची पाळी धरती. सोडवली तर उठती.”

त्यानं कडी काढली. बंगल्यामागे त्याची खोली होती. स्टोव्ह, एक चटई, फळीवर ताटं. एक ताट वापरातलं, बाकीची दुकानातल्या कागदात तशीच गुंडाळलेली. मावशीनं ती बघितली आणि बाहेर येऊन उभी राहिली.

दोन दिवसांनी सुट्टी काढून तो पोल्ट्रीवर आला. मावशी मुद्दाम शेताच्या बांधावर जाऊन बसली, त्यांच्यामध्ये नको म्हणून. मंगलनं सामान बांधलं. मुली बापाच्या पायाला चिकटल्या होत्या. निघताना मंगल माझ्या पाया पडली, शेजारच्या बायकांना भेटली. बांधाकडे तिनं बघितलं नाही. मावशीही उठून आली नाही. रिक्षा गेल्यावर ती आली आणि मंगलची खोली झाडायला लागली.

त्यानंतर पोल्ट्रीचा एक नियम बदलला. फाटकाशी कुणी आलं की मावशी अजूनही तीनदा विचारायची, खिसेही बघायची. पण मग ज्या बाईसाठी माणूस आला असेल तिला बोलावून आडोशाला उभं करायची आणि म्हणायची, “बघ, ह्यो आलाय. मी इचारलं, मला काय वाटतंय ते तुला सांगते. पर ठरव तू.” एकीनं मान हलवून नकार दिला, तेव्हा त्या माणसाला तिनं हाकललं. दुसरी गेली. ती जाऊ नये असं मावशीला वाटत होतं. तरी फाटकाची कडी तिनंच काढली.

पुढच्या वर्षी तिला दम लागायला लागला. जागा तिनं संस्थेच्या नावे करून टाकली, बाळूच्या समोर. फाटकाशी विचारायचं काम आता दोन बायका करतात. दोघी एकेकाळी तिथंच राहिलेल्या. त्या तीनदा विचारत नाहीत. चुकतात की नाही ते मला माहीत नाही.

मावशीला मी शेवटचं बघितलं ते तिच्या जाण्याच्या थोडंच आधी. शेडच्या टोकाच्या खोलीत तिची खाट होती. मी दारात पोचले तर आत कुणीतरी उभं होतं. मंगल होती. लोणावळ्याहून एकटीच आली होती. गेल्यापासून ती पोल्ट्रीकडे फिरकली नव्हती. मी तिथंच थांबले.

“कशाला आलीस?” मावशीनं विचारलं. आवाज बारीक झाला होता, पण विचारणं तेच.

“तुमाला बघाया.”

मावशीनं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ, तोंडाकडे, हातांकडे, पुन्हा तोंडाकडे. “संतोषनं लावलं?”

“न्हाई. त्याला ठावंबी न्हाई.”

“मग?”

“मग काय. आले.”

मंगल तशीच उभी होती, बसावं की जावं हे न कळल्यासारखी. मग मावशीनं दोन्ही हातांनी पांघरूण सावरलं, पाय हळूहळू जवळ ओढून घेतले, आणि खाटेवर तिला बसायला जागा करून दिली.